बाईंची बोटं

माझं झेरॉक्सचं दुकान आणि ताईंचं चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची एकच भिंत आहे. तिकडे कुणाला शिंक आली की इकडे मी रुमाल शोधतो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे, आणि उरलेलं निम्मं ताईंनीच, गिऱ्हाईक नसताना, माझ्या काउंटरवर कोपर टेकून सांगितलेलं. माझ्या पदरचं त्यात फारसं काही नाही.

ताई बाहेर डोळ्यांचा नंबर काढतात आणि त्यांचे यजमान आतल्या खोलीत मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. दुकान चिंचोळं आहे. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाची उंच खुर्ची, आणि दोन्ही भिंतींवर खालपासून वरपर्यंत रिकाम्या फ्रेमा.

ताईंची एक लकब सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. त्यांना काहीही विचारा, उत्तर लगेच येत नाही. आधी उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटाला टेकतो, मग मधल्या, मग तिसऱ्या, मग करंगळीला. करंगळीवर तो दोनदा टेकतो. त्यानंतर ताई तोंड उघडतात. नवख्या माणसाला वाटतं, या मनातल्या मनात बेरीज करतायत. यजमान म्हणतात, "हिला चहा घेणार का विचारलं तरी आधी बोटांची सभा भरते. ठराव मंजूर झाला तरच कप पुढे येतो."

पण या सभेचा दरारा आहे. एकदा एक गृहस्थ घाईघाईत आले. डोळ्यांपुढे काळं काहीतरी तरंगतंय, पण नुसता नंबर वाढलाय असंच सांगा, असा त्यांचा जवळजवळ हट्टच होता. ताईंनी तपासलं, बोटं चालवली आणि म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं नाही. आजच डॉक्टरांना दाखवा." तेवढ्या शांततेनंतर आलेल्या वाक्याशी भांडायचं कसं, हे गृहस्थांना सुचलं नाही. ते निमूट गेले आणि वेळेत गेले.

अशा बाईला लहानपणी घरात आणि शाळेत 'तोफ' म्हणत, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण म्हणत. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सुटायचं, आणि बहुतेक वेळा भलत्याच दिशेला. आलेल्या पाहुण्यांना तुम्ही कधी जाणार, हे त्या दारातच विचारायच्या. शाळेतही तेच. बाकावरून उठायच्या आधीच त्यांचं तोंड उठलेलं असायचं. शिक्षकांनी ओरडून पाहिलं, वर्गाबाहेर उभं करून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका वर्षी गणिताला नव्या बाई आल्या. बारीक अंगाच्या, साध्या, आवाज खालचा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक अपूर्णांक लिहिला आणि काहीतरी विचारलं. तोफ उडाली. उत्तर चूक होतं. बाई चूक म्हणाल्या नाहीत, बरोबर म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि त्यांचा अंगठा एकेका बोटावरून करंगळीकडे निघाला. सगळा वर्ग त्या अंगठ्याकडे बघू लागला. त्या तेवढ्या वेळात तोफेच्याच लक्षात आलं की आपलं चुकलंय. तिने उत्तर बदललं. बाईंचा अंगठा पुन्हा निघाला. तिने पुन्हा बदललं. मग बाई म्हणाल्या, "हं. बस."

"तोवर मला सगळे गप्प बस म्हणायचे," ताई मला सांगत होत्या. "बाईंनी मला बोलू दिलं, आणि मीच गप्प झाले."

त्या बाईंच्या वर्गात हात वर करून कुणी ओरडत नसे. बाई थांबायच्या, म्हणून मुलंही थांबायची. हळूहळू मुलं बाकाखाली आपापली बोटं चालवायला लागली. आधी नक्कल म्हणून, मग सवय म्हणून. घरी तोफ अशी थंड पडलेली बघून ताईंच्या आईला वाटलं पोरीला ताप आलाय, म्हणून तिने कपाळाला हात लावून पाहिला. दोन-तीन वर्षांनी बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. मुलं रडली, नंतर विसरली. ताईंच्या हातात मात्र ती सवय राहिली. शिक्षण, लग्न, दुकान, मुलीचं लग्न, सगळ्याला ती पुरली. हे आपलं नाही, बाईंचं आहे, हेसुद्धा त्यांच्या मनातून जवळजवळ गेलं होतं.

मग एक दिवस लिफ्टवाला आला.

हा मनुष्य इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. चाळिशी लागली होती आणि जवळच्या वायरींचे रंग नीट दिसेनासे झाले होते. हिरवी आणि निळी यांत घोळ व्हायला लागल्यावर त्याच्या साहेबाने त्याला चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. ताईंनी त्याला उंच खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली आणि रोजचा प्रश्न विचारला. आधीची बरी, की ही?

लोक एकतर पटकन 'ही' म्हणतात, किंवा गोंधळून 'दोन्ही' म्हणतात. लिफ्टवाला काही बोललाच नाही. त्याचा हात मांडीवर होता. अंगठा पहिल्या बोटाला टेकला, मधल्याला, तिसऱ्याला, मग करंगळीला. दोनदा. आणि तो म्हणाला, "ही. पण फरक थोडाच आहे."

ताईंच्या हातातली काच खाली पडली. ती फुटल्याचा आवाज मी इकडे ऐकला. वीस वर्षांत त्या दुकानात ताईंच्या हातून काही फुटल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी मशीन थांबवून कान दिला.

त्यांनी त्याला कुठल्या शाळेत होतास ते विचारलं. त्याने सांगितलेली शाळा वेगळी, गाव वेगळं. गणिताला कोण होतं? एक जाडे मास्तर, छडीवाले. बारीक अंगाच्या, खालच्या आवाजाच्या कुणी बाई? नाही. मग हे बोटांचं कुठून आलं? लिफ्टवाल्याने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो हात बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणाचा आहे. "मी असं करतो?" तो म्हणाला.

तो गेल्यावर ताईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. यजमान म्हणाले, अगं, दुनियेत इतकी माणसं, इतकी बोटं, जुळलं असेल कुणाचं तरी. ताई म्हणाल्या, बोटं जुळतील, पण करंगळीवर दोनदा कसं जुळेल? यजमान आत जाऊन काच घासायला लागले. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मीच त्यांच्यापेक्षा जास्त बेचैन होतो. तो चष्मा न्यायला कधी येतोय याची मी वाटच बघत होतो.

तो आला तो घरी चौकशी करूनच आला. बायकोने सांगितलं होतं, तुम्ही असं करता हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे, तुम्हालाच माहीत नाही. आणि आई म्हणाली होती, हे तुझ्या वडिलांचं. वडील एका शाळेत शिपाई होते, आता हयात नाहीत. घंटा देणं, फळे पुसणं, वर्गांना कुलपं लावणं हे त्यांचं काम. शाळेत कुणी बाई होत्या का, असं त्याने आईला विचारल्यावर ती म्हणाली, "त्या चष्मेवालीला घरी घेऊन ये."

ताई गेल्या. लिफ्टवाल्याचं घर दोन खोल्यांचं, जिना अरुंद. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही यावर त्याची आई स्वतःच हसली आणि मग तिने जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं.

नवरा मूळचा भडक डोक्याचा होता. आधी हात उठायचा, मग शब्द. पोरगा लहान असताना बापाची चप्पल दारात वाजली की माझ्या मागे लपायचा, असं ती मुलासमोरच म्हणाली, आणि मुलाने मान खाली घातली. मग त्या शाळेत बदलून एक गणिताच्या बाई आल्या. शिपायाचं स्टूल घंटेखाली, त्यांच्या वर्गाच्या दाराशीच होतं. दिवसभर तो तिथे बसायचा. गणित त्याला कळत नव्हतं, पण बाईंचं थांबणं दिसत होतं. एका संध्याकाळी मुलाने पाण्याचा माठ फोडला. बाप उठला, हात वर गेला, आणि वरच्या वर थांबला. अंगठा बोटांवरून फिरला. मग हात खाली आला आणि तो म्हणाला, "लागलं का तुला?"

"त्या दिवसानंतर या घरात कुणावर हात उठला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं कुणी मंतरलंय की काय. विचारलं तर म्हणाले, काही नाही, आमच्या बाई असं थांबतात."

आमच्या बाई. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाच्याही वर्गात कधी न बसलेल्या माणसाने त्यांना आमच्या बाई म्हटलं होतं.

बाई कुठे असतील याचाही पत्ता तिथेच लागला. निवृत्तीनंतर त्या भाचीकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांचं सामान टेम्पोत चढवायला शिपाईच गेला होता. गाव बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. लिफ्टवाल्याची आई म्हणाली, मीपण येते, मला त्यांना एक सांगायचं आहे, ते सांगायचं राहून गेलंय. ताईंनी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली होती, आणि पुढच्याच रविवारी तिघं निघाली.

भाचीचं घर तळमजल्यावर होतं. खिडकीत कुंड्या, कोपऱ्यात शिवणयंत्र. बाई खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा आणखी बारीक झालेल्या. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. बाईंनी बोटं चालवली आणि म्हणाल्या, "तोफ?"

आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं. बाईंनी विचारलं, काय करतेस. ताईंनी सांगितलं, चष्म्याचे नंबर काढते. मग ताईंना राहवेना. त्यांनी काचेची गोष्ट सांगितली, लिफ्टवाल्याची बोटं सांगितली, आणि वाटभर मनात घोळवत आणलेला प्रश्न विचारला. हे थांबणं आम्हाला तुम्ही मुद्दाम शिकवलंत का? ही शिकवण्याची कुठली पद्धत होती?

बाईंचा अंगठा करंगळीपर्यंत जाऊन परत आला. पुन्हा गेला. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली झाकला आणि बोटांच्या मदतीशिवाय बोलायला लागल्या.

"प-प-पद्धत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "म-मी अडखळते."

भाची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. एका घरात राहून तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. कधी अडखळत, कधी बोटांचा आधार घेत. लहानपणापासून शब्द घशात अडकायचा. जोर केला की आणखी अडकायचा. शेजारच्या बाकावरच्या एका मैत्रिणीने तोडगा काढला होता. एकेका बोटावर थोडा थोडा श्वास सोडायचा, करंगळीवर शब्द आलाय का बघायचं, आला असेल तर दुसऱ्यांदा टेकताना सोडून द्यायचा. ती मैत्रीण पुढे कुठे गेली कुणास ठाऊक. बाईंनी त्या तोडग्यावर सबंध नोकरी काढली. गणित घेतलं तेही यासाठीच, त्यात बोलणं कमी आणि फळ्यावर लिहिणं जास्त. रोज सकाळी शाळेत जाताना त्यांना एकच भीती असायची, आज उघडकीला येणार.

"मुलं बघत बसायची माझ्या हाताकडे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कळलंय यांना. मागून हसत असतील. बाकाखाली बोटं चालवताना पकडलंय मी काहींना. घरी येऊन र-रडले होते मी."

ताई म्हणाल्या, "बाई, आम्हाला वाटायचं तुम्ही विचार करताय. आमच्या उत्तरावर इतका विचार करणारं आम्हाला दुसरं कुणी भेटलंच नव्हतं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग जरा रागावल्यासारख्या म्हणाल्या, "आणि अपूर्णांक? पुठ्ठे कापून कापून मी अपूर्णांक शिकवले तुम्हाला. बोटं सोलवटून निघायची कात्रीने. ते कुणाच्या लक्षात नाही?"

ताईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, चष्म्याचा नंबर पाव-पावने वाढतो, म्हणजे अपूर्णांकांवरच माझं घर चाललंय. पण पुठ्ठे मात्र खरंच आठवत नाहीत. यावर बाईही हसल्या. ज्याची तयारी केली ते गेलं आणि जे लपवलं ते पोचलं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. ते त्यांना आवडलं की नाही हे ताईंना अजून सांगता येत नाही.

लिफ्टवाल्याची आई इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आता ती पुढे सरकली. फुटलेल्या माठाची आणि वर थांबलेल्या हाताची गोष्ट तिने सांगितली. शिपाई गेल्याचं बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आणि बाई, त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा शब्द अडतो ते. दाराशी बसून ऐकून ऐकून त्यांना कळलं होतं. म्हणून तुमचं वाक्य चालू असलं की ते घंटा द्यायचे नाहीत. दोरी हातात धरून उभे राहायचे. तुमचं बोलून झालं की मग टोला. हेडमास्तरांनी किती वेळा झापलं, घंटा उशिरा होते म्हणून. पण कारण नाही सांगितलं कधी. मला म्हणाले, बाईंनी मुश्किलीने शब्द दारापर्यंत आणायचा आणि मी वर घण घालायचा, हे बरं दिसत नाही."

बाईंचा अंगठा चालायला लागला आणि मधल्याच बोटावर थबकला. त्या शाळेत शिक्षकांच्या बैठकीत शिपायाच्या उशिरा होणाऱ्या घंटेची तक्रार निघाली होती, आणि इतरांबरोबर आपणही मान डोलावली होती, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. कुणालाच माहीत नाही असं समजून त्या आयुष्यभर जगल्या, आणि एक माणूस रोज दाराबाहेर दोरी धरून उभा होता.

"मला स-सांगायचं तरी त्याने," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या वर्गात उभ्या राहिल्या असता का?" लिफ्टवाल्याच्या आईने विचारलं.

बाईंनी हात पुढे केला, आणि त्या दोघी म्हाताऱ्या बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. भाचीने चहा पुन्हा गरम करून आणला. निघताना लिफ्टवाला पाया पडायला वाकला तर बाईंनी त्याला उभं केलं, त्याची बोटं उघडून तळहात नीट बघितला, आणि विचारलं की हिरवी आणि निळी वायर आता वेगळी दिसते ना. तो हो म्हणाला. जरा थांबून म्हणाला.

परत आल्यावर ताई आठवडाभर स्वतःच्या हातावर लक्ष ठेवून होत्या. हा हात कुणाकुणाचा आहे, असं त्या मला विचारायच्या. एका मुलीने दुसरीला दिलेला तोडगा, बाईंचा, शिपायाचा, लिफ्टवाल्याचा, आणि कुठल्या कुठल्या गावांत, कुणाकुणाच्या घरी ही बोटं चालत असतील याचा पत्ता नाही. बाईंचे विद्यार्थी किती, त्या विद्यार्थ्यांची मुलं किती. झेरॉक्सच्या दुकानात बसून मला हा प्रश्न जास्तच छळतो. माझ्या मशीनमधून निघणारी प्रत मूळ कागदापेक्षा नेहमी फिकी असते. ही तशी नव्हती. एकाकडे ती घाबरेपणाची होती, दुसऱ्याकडे विचाराची झाली, तिसऱ्याच्या घरात तिने मार थांबवला.

एकदा ताईंनी मुलीला फोन करून विचारलं, तू करतेस का गं असं? मुलगी म्हणाली, छे, मी नाही करत. मग पलीकडे शांतता पसरली आणि ती म्हणाली, "आई, पण माझा धाकटा करतो."

आता बाई अधूनमधून दुकानात फोन करतात. भाचीने त्यांना शिकवलंय. फोनवर त्या बोटं वापरत नाहीत, असं त्यांनीच ताईंना सांगितलं. अडखळतात, चिक्कार अडखळतात, एकेका शब्दाशी झटापट करतात, आणि भाची म्हणते की फोन ठेवल्यावर त्या गाणं म्हणत कुंड्यांना पाणी घालतात. अजून शिपायाबद्दल विचारत राहतात. तो दोरी कशी धरायचा, उजव्या हाताने की डाव्या? उन्हात उभा राहायचा का? ताईंना ठाऊक नसतं, मग त्या लिफ्टवाल्याच्या आईला विचारून पुढच्या वेळी सांगतात.

बाईंचा फोन आला की मला भिंतीपलीकडून कळतं. काच घासायच्या मशीनचा आवाज बंद होतो. यजमान आतून बाहेर येतात आणि गिऱ्हाइकाला खुणेने म्हणतात, बसा जरा.